साडूभाऊंची फुगणारी माती

आमच्या साडूभाऊंइतका जमिनीखाली जगणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात सापडायचा नाही. वर राजपुऱ्यात त्यांचं साड्यांचं दुकान आहे, पण तिथं ते पाहुण्यासारखे बसतात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकले, वडिलांनी गल्ल्यावर बसवलं, आणि गिऱ्हाईक पदर बघत असताना यांची नजर तिच्या चपलेला लागलेल्या मातीवर. "ताई, कोणत्या गावच्या तुम्ही?" या प्रश्नापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली, देव जाणे. पण अशाच एका चपलेचा माग काढत ते खकनारकडच्या एका गावी पोचले आणि तळ्याकाठी त्यांना ती माती सापडली. पाणी प्यायली की फुगणारी. बोअरवेलवाल्यांपासून तेल गाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हवी असलेली.

तेव्हापासून लग्न असो की बारसं, साडूभाऊ पाण्याच्या ग्लासात माती टाकून फुगवून दाखवणारच. मुलीच्या सोयरिकीत मुलाच्या वडिलांनी विचारलं, "शेती किती?" हे म्हणाले, "वरची काहीच नाही. खालची मोजणं चालू आहे." तरी सोयरीक जमली, ही मुलीची पुण्याई. पुढं खड्डे खणून झाले, नमुने तपासून झाले, खाणीच्या लीजसाठी भोपाळच्या फेऱ्या झाल्या. इंदूरचा एक तरुण कारखानदार भांडवल घालायला तयार झाला. आता उरली होती फक्त ग्रामसभेची संमती.

सभेच्या दिवशी कारखानदाराच्याच गाडीतून आम्ही गेलो. गाव साडूभाऊंवर इतकं खूश, की हात वर करायला टपूनच बसलेलं. "अंकल, काम हो गया समझो," कारखानदार म्हणाला. तेवढ्यात सरपंचबाई कौतुकानं त्याला सांगू लागल्या, "आमचं तळं देखून घ्या हो साहेब. आजूबाजूचे सगळे सुकून जातात, हे भर उन्हाळ्यातही भरलेलं राहतं."

साडूभाऊ उठून तळ्यावर गेले, उकिडवे बसून पाण्यात हात घातला, आणि कोपरापर्यंत चिखल घेऊन परत आले.

"माझ्या हातून मोठी चूक होऊन राहिली होती, भाऊ," ते सभेत म्हणाले. "आपला थर तळ्याच्या खालीपण आहे. तोच पाणी धरून बसला. आम्ही खोदलं तर तळं खाली होऊन जाईल. हात वर नका करू."

कुणीही केला नाही. कारखानदाराची गाडी आम्हाला न घेताच परत गेली.

बसमध्ये मी विचारलं, "तळं सोडून बाकीचा थर?"

"पातळ आहे. कारखान्याला नाही पुरायचा."

बुऱ्हाणपूर आलं, बस रिकामी झाली, तरी साडूभाऊ उठेनात. "चला ना," मी म्हणालो.

"थोडं बसू द्या, साडूभाऊ," ते मला म्हणाले.

मीही शेजारी बसून राहिलो. एवढा मोठा माणूस आपल्या नात्यात आहे याचा अभिमान वाटत होता, आणि त्यांच्यासाठी जीव तुटत होता.