होडीला लावलेलं पितळी बूच

तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस प्लास्टिक दिसलं की नाक मुरडतोच. मीही मुरडलं, आणि तिथेच घोळ झाला.

दादूसने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, अॅल्युमिनियमची होडी घेतली तेव्हाची गोष्ट. घोडबंदर रोडच्या पलीकडे एक रिसॉर्ट बंद पडलेलं, तिथे ती ताडपत्रीखाली पडून होती. कंपनीत बनलेली, हलकी, दोघांनी उचलावी एवढीच. दादूस कळव्याला खाडीत एकटा मासे मारायचा. दरवर्षी लाकडी होडीची डागडुजी करून त्याची कंबर गेलेली, त्यामुळे ही आली तेव्हा तो दिवसभर तिच्याभोवतीच फिरत होता. मी मात्र खाली वाकून खुसपटं काढत बसलो.

मागच्या बाजूला तळाशी, आत साचलेलं पाणी सोडायला एक भोक होतं. त्यात प्लास्टिकचं कडं आणि त्या कड्यात काळं प्लास्टिकचं बूच. शेजारीच, पाण्याखाली राहील अशा जागी, बिस्किटाच्या पुड्याएवढा एक राखाडी ठोकळा बोल्टांनी आवळलेला. अर्धा झिजलेला, सगळा खड्डे खड्डे.

"कंपनीने गंडवलंय बघ," मी बोललो. "बुडाला प्लास्टिक लावतात का कधी? आणि हा कसला भंगार तुकडा चिकटवलाय?"

"राहू दे रं," दादूस बोलला. "कंपनीनं उगाच लावलाय काय तो?"

"तू मासे मार. धातूचं मला कळतं."

असं तोंड वर करून बोललो मी, सात वर्षांनी मोठ्या भावाला. तो हसला. लहानपणापासून त्याची एकच समजूत, घरात हुशार कोण तर धाकटा.

आमचे बाबा सांगायचे, खाऱ्या पाण्यात लोखंडाचा भरवसा नाही, होडीला तांबं नाहीतर पितळच लावायचं. त्यांच्या लाकडी होडीला खिळेसुद्धा तांब्याचे होते. त्या होडीच्या पंख्याचा दांडा ज्यात फिरायचा तो जाड पितळी बुश मी त्यांच्यामागे जपून ठेवलेला. एका सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपात जाऊन तो लेथवर चढवला, आटे पाडले, कडं आणि बूच दोन्ही बनवलं. प्लास्टिक काढून टाकलं, पितळ घट्ट बसवलं. ठोकळा उपटला आणि त्याची भोकं रिव्हेट मारून बंद केली. काय झळकत होतं ते बूच! नारळी पौर्णिमेला वयनीने होडीची पूजा केली तेव्हा बुचालाही हळदकुंकू लावलं. बाबा होडीत आहेत असं ती बोलली. मी असा फुगलो की विचारू नका.

शिमग्याच्या सुमाराला दादूसचा फोन आला. बुचाच्या कडेला पत्र्यातून पांढरं पीठ सुटतंय, येऊन बघून जा. मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, डोकं आधीच तापलेलं. "मीठ असेल ते," मी खेकसलो. "गोड्या पाण्याने होडी धुवायचा कंटाळा करतोस तू."

त्यानंतर तो रोज होडी धुवायचा. वयनी नळावरून हंडे आणून द्यायची. हे मला नंतर कळलं.

गणपती गेल्यावर एका सकाळी ते कडं आजूबाजूच्या पत्र्यासकट निखळून पडलं. दादूस खाडीच्या मध्यावर होता. आत भसाभसा पाणी. त्याने अंगातला टी-शर्ट काढून भोकात कोंबला, वर टाच दाबून धरली आणि एका वल्ह्यावर कशीबशी होडी तिवरांपर्यंत आणली. कमरेएवढ्या चिखलातून लोकांनी ओढून काढला त्याला. फोन आला तसा मी धावत गेलो.

होडी उलटी करून ठेवलेली. भोकाच्या कडा पांढऱ्याफटक, हात लावला की नानकटाईसारख्या भुगा होत होत्या. मला तिथल्या तिथे कळलं की हे माझ्या हातचं काम आहे. का झालं ते कळलं नव्हतं, पण माझंच, यात शंका नव्हती. आजूबाजूला अख्खी आळी जमलेली.

"मना कायच कळलं नाय रं," दादूस बोलला. "ठोकर लागल्यासारखी पन वाटली नाय."

"जाळ्याच्या खुंटावर घातलीस तू," मी बोललो. "दिसला नसेल तुला. वय झालं आता."

दादूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मान हलवून बोलला, "असंल."

तेव्हापासून तो खाडीत गेला नाही. वयनीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर बोलले, किरकोळ नंबर आहे, घाबरायचं काही नाही. तर हा म्हणतो, "डॉक्टरनं खाडीत येऊन सांगावं." रस्ता ओलांडताना वयनीचा हात धरायला लागला. एके दिवशी सगळी जाळी शेजारच्यांना देऊन टाकली. मी दर रविवारी जायचो, त्याने हातात दिलेलं सुकट घेऊन घरी यायचो आणि तोंड उघडायचो नाही. शरम वाटत नव्हती असं नाही. वाटायची, आणि तरी सुकट घ्यायचो.

वर्षभराने होडी टेम्पोत घालून शहाडला एका वेल्डरकडे नेली. त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे पितळ कोणी लावलेलं?"

"जुन्या मालकाने," मी बोललो. अजून एक खोटं.

"येडाच असणार. खाऱ्या पाण्यात पितळ लागलं की अॅल्युमिनियम सडतं. म्हणून तर कंपनी प्लास्टिक देते. आणि इथला जस्ताचा ठोकळा कुठे गेला? तो सडायलाच लावलेला असतो. तो सडतो म्हणून होडी वाचते."

मी बाहेर येऊन टेम्पोच्या पायरीवर बसून राहिलो. खड्डे पडलेला म्हणून ज्याला भंगार ठरवला, तो त्याचं काम करत होता. आणि बाबांचं सांगणं लाकडाच्या होडीचं होतं. तीस वर्षं धातू कापला, पण खाडीच्या पाण्यात तो काय करतो हे कधी कोणाला विचारलं नाही.

नवा पत्रा, नवं प्लास्टिकचं बूच, नवा ठोकळा लावून होडी कळव्याला परत आणली. दादूस अंगणात बसलेला. "कुनाला तरी देऊन टाक," तो बोलला. "मना आता दिसत नाय."

मग मात्र राहवलं नाही. पितळ, ठोकळा, पांढरं पीठ, सगळं ओकलो. खुंट नव्हताच, हेही बोललो. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, हेही. आता मार, शिव्या दे, हाकलून दे, असं मनातल्या मनात त्याला सांगत होतो.

दादूस उठला. होडीजवळ जाऊन नव्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला.

"म्हंजे खुंट लागला नव्हता?"

"नाही."

"म्हंजे मना दिसतं!" त्याचा चेहरा असा उजळला की माझ्याने बघवेना. घराकडे वळून तो ओरडला, "अगं, ऐकलंस काय? मना दिसतं! डोळं ठीक हायेत माझं!"

वयनी दारातच होती. तिने सगळं ऐकलेलं. ती हसली नाही. वर्षभर दादूसचा जो हात धरून तिने त्याला रस्ता ओलांडून दिला त्या हाताकडे तिने बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत निघून गेली.

मी बराच वेळ अंगणात उभा होतो. त्या घरातून मी कधी चहा न घेता निघालेलो नाही. त्या दिवशी निघालो.