अक्कांचं ऊन

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या इमारतीत सकाळ व्हायची ती धुराने. स्वस्त घरांची तीन मजली इमारत. बारा बिऱ्हाडं, बारा बंब आणि जिना एकच. हिवाळ्यात पहाटे दारोदार तांब्याचे बंब पेटत, त्यांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, कोंबल्या जात आणि सगळा धूर त्या एका जिन्यातून वर चढे. समोरून येणारा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, धुराच्या बरोबर वाटेत. आईचे डोळे दिवाळीपासून होळीपर्यंत लाल. डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "लांब म्हणजे कुठे, बोदवडला?"

ऐंशीच्या दशकात एक सरकारी साहेब योजना घेऊन आले. गच्चीवर सौरबंब. काळा पत्रा, वर काच, उन्हाने पाणी तापणार आणि निम्मा खर्च सरकार सोसणार. अट अशी की बाराही घरांची संमती हवी, कारण गच्ची सगळ्यांची.

पण साहेबांनी प्रात्यक्षिक ठेवलं मे महिन्यात. जळगावच्या मे महिन्यात. नमुन्याच्या पेटीचा नळ सोडला, कढत पाणी आलं, साहेबांनी अभिमानाने सभोवार पाहिलं. तळमजल्यावरचे नाना, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, शांतपणे उठले. त्यांनी आमच्या साध्या टाकीचा नळ सोडला, खाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं.

"साहेब, आमचं तर फुकटातच तापतं."

सभा हसत हसत मोडली. साहेब पेटी उचलून निघाले. हसली नाही ती एकटी आई. ती जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेली. "थंडीत या. बारा सह्या तयार ठेवते."

तिने त्या मिळवल्या कशा, ते बघण्यासारखं होतं. मार्गशीर्ष लागला आणि ती रोज पहाटे एकेका घरच्या कर्त्या पुरुषाला चहाला बोलवू लागली. चहा आमच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी, खुर्ची टाकून. पाहुणा अर्ध्या कपात रडकुंडीला येई. "आणखी घ्या की, भाऊ," असं म्हणत आई कागद पुढे करी. नानांनी तर कप खाली ठेवायच्या आत सही केली.

अकरा घरं झाली. उरल्या तिसऱ्या मजल्यावरच्या अक्का.

अक्का बिबडे करून विकत. ज्वारीचं पीठ शिजवायचं, तीळ-मिरची घालायची, ओल्या कापडावर पातळ थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. त्यांचे बिबडे धुळ्यापर्यंत जात, त्यावरच त्यांचं घर चाले. गच्चीचा दक्षिणेकडचा कोपरा त्यांचा, आणि साहेबांना काच लावायला नेमका तोच हवा होता.

"गच्चीवरलं ऊन मनं शे," अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "बठ्ठं मनं." म्हणजे ऊन सगळं त्यांचंच.

चहाचा उपयोग नव्हता; धुराची त्यांना सवय होती. आई वाद न घालता रोज दुपारी त्यांच्याकडे तीळ निवडायला जाऊन बसू लागली. मीही मागे मागे, तीळ खायला. एका दुपारी ती सहज म्हणाली, "अक्का, आज बिबडे नाही घातले?"

"थंडीमा कोनी बिबडा घालस का, येडी?"

"नाही ना? आणि उन्हाळ्यात कोणी गरम पाण्याने आंघोळ करतं का?"

अक्कांचा हात सुपावर थांबला. त्यांनी आईकडे नीट पाहिलं. "मंग उन्हायामा ती काच मनी?"

"फाल्गुनापासून काच तुमची. वर कापड टाका, बिबडे घाला, कोणी हात लावणार नाही. मी बघते."

अक्कांनी अंगठा दिला.

सौरबंब बसला. बाकीच्या थंडीत जिना मोकळा होता. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखू लागली, आणि काहींना ते आवडलं नाही. आईचे डोळे त्या होळीला पहिल्यांदा पांढरे दिसले.

मग भर चैत्रात साहेब तपासणीला आले. ते सगळं ठीक म्हणाले तरच उरलेलं अनुदान मिळणार होतं. गच्चीचं दार उघडलं आणि नानांनी कपाळाला हात लावला. तिरप्या काचेवर अक्कांचं पांढरं लुगडं, चारही टोकांना सुतळीने बांधलेलं, आणि त्यावर ओळीने बिबडे. सरकारी काच तसूभरही दिसत नव्हती.

"अक्का, उचला ते," नाना कुजबुजले.

"कोणी उचलायचं नाही," आई म्हणाली आणि काचेसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, मी शब्द दिलाय. रागवायचं तर माझ्यावर."

साहेबांनी घाम पुसला. लुगड्याखाली हात घालून काच चाचपली, सुतळीची गाठ ओढून पाहिली.

"उन्हाळ्यात वापर नसला की काच झाकून ठेवा," ते म्हणाले, "हेच सांगायला मी एवढा जिना चढून आलो. बाकीच्या इमारतींत कोणी ऐकत नाही."

"काय म्हणस तो?" अक्कांनी आईला विचारलं.

"ऊन तुमचं आहे म्हणतात."

अक्कांनी एक अर्धओला बिबडा सोडवून साहेबांच्या हातावर ठेवला. तो संपवून साहेबांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तर अक्कांनी लुगड्याचं एक टोक सोडून बिबड्यांवर ओढून घेतलं.

"पहिले कागदवर लिख, भाऊ. उन्हायामा काच मनी."

साहेबांनी पेनचं टोपण उघडलं.