इराकच्या भांडणात अडलेली जीप

वार अर्धीच बाहेर आली. उरलेली आत तुटून राहिली आणि सविताचं रक्त गोधडीतून खाली जमिनीवर उतरायला लागलं.

वार म्हणजे पोटात लेकराला ज्यातून पोसलं जातं तो मांसाचा गोळा. लेकरामागून तो आपोआप पडायला हवा. तुकडा आत राहिला तर गर्भपिशवी आवळत नाही, आणि ती आवळली नाही तर रक्त थांबत नाही. अशा वेळी ओढाताण करायची नसते. पोट दाबून धरायचं आणि मोठा दवाखाना गाठायचा. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण दाईच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट इतक्या वेळा घोकून घेतली होती की झोपेतही सांगितली असती.

मी बेंबीखाली हात रोवून पोट चोळायला लागले. नुकती जन्मलेली पोरगी सविताच्या छातीला लावली. लेकरू ओढायला लागलं की पिशवी थोडी आवळते. सविताच्या सासूला, जमनाबाईला म्हटलं, "जीप बोलवा. हिंगोलीला न्यावं लागंल."

जमनाबाई जागची हलली नाही.

"जीप देवीदासची हाय, मावशी."

"मंग?"

"त्याच्या जीपमधी आमच्या घरचं कुणी बसत न्हाई. ह्यांनी शपथ घेतली हाय."

दारातून जीप दिसत होती. वीस पावलं असतील.

इराकमध्ये दुसऱ्यांदा लढाई लागली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावपासून आत, कच्च्या रस्त्यावर हा तांडा. पन्नासेक घरं, गाडी एकच. तिथले पुरुष रोज दुकानापुढे बसून लढाईवर भांडायचे. सविताचा सासरा रामजी अमेरिकेच्या बाजूचा. त्याचा मुलगा, म्हणजे सविताचा नवरा, कुवेतमध्ये ड्रायव्हर होता. कुवेतवर आधी हल्ला कुणी केला, हे रामजी सगळ्यांना ऐकवायचा. देवीदास इराकच्या बाजूचा. तरुणपणी तो तिकडे रस्त्याच्या कामावर दोन वर्षं राहून आला होता. त्या लोकांनी आपल्याला स्वतःच्या ताटात घेऊन जेवू घातलं, हे तो विसरला नव्हता.

रामजी पेपर वाचायचा, देवीदास लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्या ऐकायचा. "तुझा रेडिओ गोऱ्याचा, तो खरं काहून सांगंल?" असं रामजी म्हणायचा. "गोऱ्याचा असून गोऱ्याची चूक सांगतो. तुमचा पेपर तर कालचा शिळा असतो, काका," असं देवीदास म्हणायचा. शाळेतल्या नकाशावर इराक दाखवा म्हटलं तर रामजीचं बोट समुद्रात पडलं असतं.

एक दिवस भांडण फार वाढलं. रामजीनं थोरल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की देवीदास आपल्या तोंडानं इराकची चूक कबूल करत नाही तोवर माझ्या घरचं माणूस त्याच्या जीपमध्ये बसणार नाही. देवीदासनं लगेच जीपच्या स्टेअरिंगवर हात ठेवून उलट शपथ घेतली. रामजीकाका अमेरिकेची चूक म्हणत नाहीत तोवर मीही त्यांना बसवणार नाही. ड्रायव्हर माणूस स्टेअरिंगची शपथ उगाच घेत नाही. त्याला वाटतं, ती मोडली की गाडी उलटते.

जमनाबाईचा हात धरून मी माझ्या हाताच्या जागी ठेवला. "अस्संच दाबून चोळायचं. सोडलं तर सून गेली." आणि बाहेर पळाले.

रामजी मागच्या बाजूला बैल जुंपत होता.

"हे काय करून राहिले?"

"गाडी जुंपतो. गोरेगावला दुसरी जीप मिळंल."

"तितं जायला दीड तास. तिच्यापाशी दीड तास न्हाई."

जू नीट बसत नव्हतं. "मावशी, नातीच्या डोक्यावर हात ठेवला हाय म्या. तिला काई झालं तर?"

त्याची भीती खोटी नव्हती. मी असल्या शपथा मानत नाही, पण ते समजावत बसायला वेळ नव्हता.

"देवीदास म्हणला," मी सांगितलं. "चूक इराकची हाय म्हणला. आत्ताच."

"कोणाला म्हणला?"

"मला. चला आता."

तिथून जीपकडे गेले. देवीदास काच पुसत होता. माझे रक्तानं माखलेले हात बघून त्यानं फडकं खाली टाकलं.

"मी न्हाई म्हणत न्हाई, मावशी. पण काकानं एक शब्द तरी—"

"म्हणले ते. चूक अमेरिकेची म्हणले. गाडी काढ."

"काका म्हणले?" त्याला इतका आनंद झाला की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सविताला मागे खाली आडवी घातली. डोकं सासूच्या मांडीवर, पाय बाकावर वर. लेकरू जमनाबाईच्या पदरात. माझी मूठ सविताच्या पोटावर. रामजी पुढे देवीदासच्या शेजारी बसला. जीप डांबरी रस्त्याला लागली. मग रामजीला मोठेपणा दाखवायची हौस आली.

"बरं झालं देवीदास, तुला अक्कल आली."

"मला? अक्कल तर तुमाला आली, काका."

"म्हंजे? चूक इराकची, असं तू मावशीला म्हणला न्हाईस?"

"म्या? तुमी अमेरिकेची म्हणलात."

करकचून ब्रेक लागला. दोघं वळून माझ्याकडे बघायला लागले.

"खोटं बोलले," मी म्हटलं. "दोघांशीबी. शपथा म्या मोडल्या, पाप मला लागंल. चूक कुणाची ते तुमाला इतक्या दिवसांत ठरवता येईना, तर माझी धरा. गाडी चालव."

देवीदासनं स्टेअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले होते. रामजी तर खाली उतरला. म्हणाला, "मी पायी येतो. तुमी व्हा पुढं." भर उन्हात, ओसाड रस्त्यावर, सून मरायला टेकलेली, आणि हा माणूस हिंगोलीला पायी निघाला होता. देवीदास म्हणाला, "काका खाली, म्हंजे माझी शपथ राहिली. पण ते रागानं शाप देऊन राहिले असतील तर?" सव्वीस वर्षांच्या कामात मी हात टेकले ते तेव्हा.

तेवढ्यात सविता बोलली. त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण रामजीनं तिचा आवाज समोरून ऐकला नव्हता.

"मामाजी," ती म्हणाली, "भांडा. पण गाडीत बसून भांडा."

दोन पावलं गेलेला रामजी मागे वळला. मग गुपचूप येऊन बसला. देवीदासनं गिअर टाकला.

आणि ते खरंच भांडले. हिंगोली येईपर्यंत. कुवेत आधी कुणी घेतलं, तेल कुणाला पाहिजे, बाँब कुणाच्या घरावर पडले, पेपर कुणाचा, रेडिओ कुणाचा. मी अडवलं नाही. सविताचे डोळे मिटायला लागले होते आणि तिला जागं ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"सविता, आता कोण बोललं?"

"मामाजी."

"काय म्हणले?"

"तेच."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "बराबर कोण बोलून राहिलं?"

"कोणीच न्हाई," ती म्हणाली. "कुवेतहून ह्यांचा फोन आला होता. तिकडं समदे म्हणून राहिले, घरी कवा जायचं."

पुढच्या वेळी विचारलं तेव्हा तिनं नुसतं बोट हलवलं. मी मूठ आणखी दाबली. दवाखान्याचं गेट आलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेता घेता मला विचारलं, "उशीर कशानं झाला?"

"इराकमुळं," मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

आत राहिलेला तुकडा त्यांनी काढला. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. बाहेर व्हरांड्यात हे दोघं चालूच होते. शेवटी वॉर्डबॉयनं त्यांना पिटाळलं, तर गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन भांडले.

शपथा मोडून काहीही झालं नाही. नातीला साधा तापही आला नाही, जीपही उलटली नाही. पण त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की दाई खोटारडी आहे. वर्षभर त्या तांड्यावरून मला बोलावणं आलं नाही. मीही गेले नाही.

पुढे नव्या दायांच्या ट्रेनिंगला मला बोलवायचे. साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा हे सगळं सिस्टर सांगायच्या. मी एकच सांगायचे. नववा महिना लागला की विचारून ठेवा, गावात गाडी कुणाची आहे आणि या घराचं त्याच्याशी कशावरून वाकडं आहे. कारण काय, ते महत्त्वाचं नाही. ते कुठल्याही देशातलं असू शकतं.

सविता सहाव्या दिवशी घरी गेली. ती जगली. पोरगीही जगली.