बंदुकांची भावकी

फोन आला तेव्हा मी बिद्रीला, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीपट भरत होतो. दुपारचे साडेबारा. पलीकडून श्रीपतीअण्णांच्या मंडळी, हौसाक्का, म्हणाल्या, "हे गेलं हो... मगाशी." मी "बरं, निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेल्या चार ओळी पुऱ्या केल्या. का केल्या, ते आज सात आठवड्यांनीही सांगता येत नाही. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

श्रीपतीअण्णा लष्करात आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. पेन्शनीत निघाल्यावर शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहायला आले आणि जुन्या लष्करी रायफली गोळा करू लागले. सगळ्या कालबाह्य, निकामी केलेल्या, एकेकीच्या कागदांसाठी कचेरीत खेपा घातलेल्या. माझी त्यांची ओळख पंधरा वर्षांपूर्वीची, तीही माझ्या अक्षरामुळे. शेजारच्या लग्नपत्रिकांवर मी घातलेले पत्ते पाहून ते सरळ माझ्या दारात येऊन उभे राहिले. "पावणं, अक्षर झ्याक हाय की तुमचं! माझ्या बंदुकास्नी पाट्या लिहून द्या." तेव्हापासून मी त्यांचा 'कारकून' झालो, तो कायमचा.

मला वाटलं, पाटीवर देश आणि साल लिहायचं असेल. ते म्हणाले, "देशावरनं काय कळतंय? बंदूक माघारनं कशी बंद हुतीया ते बघायचं. त्यावरनं तिची भावकी कळती." मग बंदुकांच्या तेलानं माखलेल्या बोटानं भिंतीवरच दाखवलं. तोंडातून दारू ठासायच्या त्या एकीकडे. मागचा ठोकळा खाली पडून उघडणाऱ्या त्यांच्या शेजारी. दांडा ओढून उघडायच्या, बोल्टच्या, समोरच्या मोठ्या भिंतीवर. त्यांच्यात चुलत-मावस इतके की मला कधी पुरते पाठ झाले नाहीत. एक ठासणीची मागून कापून तिला नंतर झाकण बसवलेलं होतं. ती दोन भावक्यांच्या मधे, कोपऱ्यात. "ही दत्तक गेलीया," अण्णा म्हणायचे. दाराशी तांदूळ निवडणाऱ्या हौसाक्का मान वर न करता म्हणायच्या, "माणसांची भावकी सांभाळा जरा."

कुरुंदवाडच्या एका म्हातारीनं, एका शिपायाच्या विधवेनं, नवऱ्याची रायफल अण्णांना दिली. "लढाईवरनं आणल्याली हाय मालकांनी. तुमच्यात नीट ऱ्हाईल," एवढंच बोलली. अण्णांनी ती मोठ्या भिंतीवर मधोमध टांगली. पाच-सहा वर्षांनी एकदा तिचं लाकूड सैल झालं म्हणून त्यांनी ती सुटी करून उजेडात धरली. आतली नळी हातानं घडवलेली होती, बोल्ट कानशीनं घासून बसवलेला. आत लष्करी कारखान्याचा एकही शिक्का नाही. कुणा गावच्या कारागिरानं केलेली, वरून हुबेहूब नक्कल. लढाई तिनं पाहिलेलीच नव्हती.

"कारकून, उद्या कुरुंदवाडला जायचं. खोटं भितीला टांगून चालत न्हाई."

एसटीनं गेलो. म्हातारी बाजेवर होती, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. अण्णांचा हात चाचपून तिनं विचारलं, "बंदूक हाय न्हवं भितीला? नातवंडास्नी सारखं सांगती मी." अण्णा म्हणाले, "हाय की, आक्का. मधोमध हाय." परतीच्या गाडीत एकच वाक्य बोलले, "पाटी हाय तशीच ऱ्हाऊ दे." एका स्क्रूवरून भल्याभल्यांशी भांडणारा माणूस. त्याबद्दल पुन्हा आमच्यात शब्द निघाला नाही.

अण्णांचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीचं दिवसकार्य, झालं आणि चार दिवसांनी पोलीस ठाण्यातून निरोप आला. कागद अण्णांच्या नावावर. नवे होईपर्यंत बंदुका जमा करायच्या. मी टेम्पो आणला. हौसाक्काही पांढरं लुगडं नेसून बरोबर आल्या. हवालदार भला माणूस होता. तो उंचीप्रमाणं बंदुका कोपऱ्यात उभ्या करू लागला. बाकड्यावर बसलेल्या हौसाक्का एकदम उठल्या.

"तशा नगा लावू. ह्या चौघी एका घरच्या. ती आखूड हाय, ती त्यांच्यातली न्हवं, तिकडं ठेवा."

मी त्यांना बंदुकीला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकेक उचलून भावकीप्रमाणं लावली. हवालदारानं विचारलं, "मावशी, तुमास्नी कसं कळतंय?"

"पंधरा वरसं कानावर पडतंय की."

कुरुंदवाडची हातात आल्यावर त्या थांबल्या. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "ही त्यांच्यातली न्हाई... पर ऱ्हाऊ दे." आणि बोल्टच्या बंदुकांत मधोमध तिला उभी केली. म्हणजे अण्णांनी घरात सांगितलं होतं तर. मला वाटत होतं, हे फक्त मलाच ठाऊक आहे. मी पोहोच घेतली, घडी घातली, खिशात ठेवली.

गेल्या रविवारी गेलो होतो. बंदुकांच्या खोलीत उन्हानं कोंदट झालं होतं. भिंतीवर नुसते खिळे. हौसाक्का चहा घेऊन आल्या, तेव्हा मी उठून खिडकी उघडायला निघालो होतो.

"नगा उघडू," त्या म्हणाल्या. "तेलाचा वास जाईल."

मी कडीवरचा हात काढला.