मुकुटासाठी घासलेलं घर

आपलं अज्ञान बेल्मिरो रापोझोइतकं जिवापाड जपणारा माणूस मी आमच्या फॉल रिव्हर गावात दुसरा पाहिला नाही. पोर्तुगालच्या असोर्स बेटांवरून इथे अमेरिकेत आला, कापडगिरणीत लागला आणि गिरणी बंद पडायच्या आत त्यानं एक जुनं तीनमजली लाकडी घर घेतलं. खाली स्वतः, वर भाडेकरू. असल्या जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं आणि ते लहान मुलांना विष, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बेल्मिरोला ठाऊक नव्हतं. त्यानं तसं ठरवलंच होतं.

विमा एजंट नोर्बेर्तू दरवर्षी टोकायचा, "भिंती तपासून घे. शिसं काढल्याचा दाखला आण, मग ते पॉलिसीत घालतो. तोवर शिशामुळे कुणाला काही झालं, तर कंपनी हात वर करणार."

"तपासलं की कळणार, कळलं की जबाबदारी आली," बेल्मिरो म्हणे. "मला माहीतच नाही, तर मला धरणार कोण?"

"वर लहान मूल आहे ना रे?"

"दुल्सची पोर? टुणटुणीत आहे."

नोर्बेर्तू हप्ता खिशात घालून निघायचा. त्यालाही फारसं कळून घ्यायचं नसे.

त्या वर्षी पवित्र आत्म्याच्या उत्सवाच्या चिठ्ठ्यांत बेल्मिरोचं नाव निघालं. म्हणजे त्या आत्म्याची खूण असलेला चर्चचा चांदीचा मुकुट आठवडाभर त्याच्या घरी बसणार होता. मुकुट बसतो त्या घरी रोज संध्याकाळी अख्खा चर्चचा गोतावळा जपमाळेला येतो आणि प्रार्थनेपेक्षा घरच जास्त न्याहाळतो. बेल्मिरोनं घासायचं यंत्र भाड्यानं आणलं. व्हरांडे, कठडे, खिडक्यांच्या चौकटी, सगळं लाकूड दिसेपर्यंत घासलं. भुकटी तिन्ही मजल्यांवर पिठासारखी बसली.

"अहो सेन्योर बेल्मिरो!" दुसऱ्या मजल्यावरून दुल्स ओरडली. "घरभर धूळ येतेय! नेलिया खिडकीला हात लावते, तीच बोटं तोंडात घालते!"

"मग खिडक्या लाव की बाई! मुकुट येतोय. पोपडे आलेल्या घरात बसवू का त्याला?"

मग नवा रंग चढला आणि घर दुधासारखं पांढरं झालं. फादरनी तोंडभरून कौतुक केलं. लोकांनी रश्शात भिजवलेला पाव खाल्ला, वाईन प्याली आणि कठड्यांवरून हात फिरवून पाहिले.

पुढे दवाखान्यात नेलियाचं रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं, तेही भरपूर. दीड वर्षाची पोर नुकती दोन-दोन शब्द जोडायला लागली होती. ते थांबलं. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी दुल्सला सांगितलं. तिनं वकील गाठला.

बेल्मिरो गोड पाव घेऊन जिना चढला. "तू मला लेकीसारखी गं. कोर्टकचेरी कशाला? मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत कसं असेल? तुम्ही विचारलंत कधी?" दुल्सनं दार अर्धंच उघडलं होतं. "पाव खाली नेऊन खा, सेन्योर. जिन्यात नको, धूळ असते."

मग बेल्मिरोनंही वकील केला आणि तिथं त्याला कळलं, की आमच्या राज्याचा कायदा मालकाला माहीत होतं का, हे विचारतच नाही. घर कुणाचं आणि मूल सहा वर्षांच्या आतलं आहे का, एवढंच विचारतो. इतकी वर्षं जपलेलं अज्ञान कुणी हातातसुद्धा घेतलं नाही. दाखला नव्हता, म्हणून विमा कंपनीनं हात वर केले. घर विकून भरपाई द्यावी लागली.

आमच्या बेटवाल्यांच्या क्लबात अजून म्हणतात, "बिचारा बेल्मिरो! देवाचं करायला गेला आणि बुडाला." नेलियाचं नाव कुणी काढत नाही. ती आता चार वर्षांची आहे. दुल्स तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेते.

बेल्मिरो भाड्याची जागा शोधत होता, तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. घर जुनंच होतं, मालकही बेटांवरचाच.

"शिसं काढल्याचा दाखला आहे का?" बेल्मिरोनं विचारलं. "माझा नातू येतो अधूनमधून."

"मला काही माहीत नाही बुवा," मालक म्हणाला.

जागा स्वस्त होती. बेल्मिरोनं घेतली.