मोहोळवरनं फिरलेली गाडी

यशपाल माणूस लाखात एक, पण त्याच्याइतका हट्टी प्राणी अख्ख्या होटगी रोडला शोधून सापडायचा नाही. हे मी त्याच्या तोंडावर कितींदा सांगितलंय, म्हणून माघारी बोलायला मला भीड वाटत नाही. मी वीरभद्रप्पा. गाड्यांच्या सीटा शिवतो. माझ्या दुकानाला लागून यशपालचं गॅरेज. त्याची पोरगी बुद्धप्रिया शाळेतनं येऊन माझ्या फोमच्या ढिगावर झोपायची, तेव्हापासनं आम्ही शेजारी. आता ती पोरगी नोकरीला लागली, माझे दात पडले, तरी आमचं भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायचो, गाडीत सुख असतं ते गादीनं. तो म्हणायचा, "आप्पा, गादी म्हणजे वरची मलमपट्टी. दणका खाली चाकापाशीच जिरवावा लागतो."

शॉकअप आणि स्प्रिंग सोडून तो दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. जुळे सोलापूरची पोरं नव्या गाड्या घेऊन यायची, कॉइलओव्हर बसवायला. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही एकातच. खालची चकती पान्यानं फिरवली की गाडी वर-खाली होते, डोक्यावरची घुंडी फिरवली की चाल नरम-कडक होते. पोरांना हौस गाडी जमिनीला टेकवायची. यशपाल पिसाळायचा. "अरे, हे यंत्र हाडं वाचवायला केलंय बे! तुम्ही त्याच्यावर गाडी घासत हिंडता व्हय?" तरी काम करून द्यायचा, पण आपल्या रीतीनं. काम झालं की गाडी दुसऱ्याला चालवायला लावायची आणि आपण मागं डोळे मिटून बसायचं. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरतो. धक्का किती बसला ते मागच्याला विचारावं, असं त्याचं म्हणणं. परत आला की चकतीला जरासा पीळ, पुन्हा चक्कर. गिऱ्हाईक हात जोडायचं, झालं हो मालक, झकास झालं. हा मान हलवायचा. "अजून एक धक्का राहिलाय."

त्याची बायको मीनाबाई दुपारी डबा घेऊन यायची बुधवार पेठेतनं, रिक्षानं. ती आली की सगळ्या लायनीला कळायचं, एवढं तिचं हसणं मोठं. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असलेली शाकाहारी माणसं, आणि ती मुद्दाम माझ्या दारात उभी राहून ओरडायची, "आप्पा, आज इकडं बघू नका, आज मटण हाय!" दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या डब्यात शेंगाची पोळी. भांडणात ती माझ्या बाजूची. नवऱ्याला म्हणायची, "आप्पांची गादी दिसती तरी. तुमचं काम दिसतंय का कुणाला?"

अशी बाई आजारी पडली. आधी छातीतली गाठ काढली, वर्षभर बरी होती. मग पाठ दुखायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, मणक्यात उतरलंय. आता घरी न्या, दुखणं कमी राहील एवढं बघा.

दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा मी बरोबर होतो. आता ॲम्ब्युलन्स म्हणजे काय, तर खाली मालवाहू गाडीचे कडक लोखंडी पाटे आणि वर पांढरा रंग. ड्रायव्हर बिचारा सावकाश चालवत होता, त्याला मी बोल लावत नाही. पण गल्लीच्या तोंडाला स्पीडब्रेकर आला, मागचं चाक उतरलं, आणि मीनाबाई ओरडली. अय्यो, ते ओरडणं! गायीच्या पायावरनं चाक गेल्यासारखं. यशपालनं तिचा हात धरला होता, तो सुटला. घरी पोचल्यावर सगळे तिच्याभोवती, आणि हा बाहेर पायरीवर दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेला. जन्मभर लोकांचे धक्के काढले या माणसानं, आणि स्वतःच्या बायकोला असा धक्का बसला. मला त्याची इतकी कीव आली की मी त्याच्या शेजारी बसलो.

तिकडं मोडनिंबला मीनाबाईची आई, बजाबाई. म्हातारी पडवीत पाय घसरून पडली होती, कंबर मोडली होती, खाटेवरनं उठत नव्हती. म्हणजे आई तिकडं खाटेवर आणि लेक इकडं खाटेवर, मधे तासा-दीड तासाची वाट. पोरगी फोनवर दोघींची गाठ घालून द्यायची. पण म्हातारीला दिसतं कमी. ती फोनच्या काचेवर बोटं फिरवायची नि म्हणायची, "गुळगुळीत लागतंय गं. तू कुटं हायस यात?" मीनाबाईनं एकच धोसरा काढला. मला आईकडं न्या. एकदा न्या, बाकी काही नको.

"नेतो," यशपाल म्हणाला. "पण तुला धक्का न बसता नेतो."

कुणा पोराच्या बापानं गाडीतला कॉइलओव्हरचा सेट काढायला लावून गॅरेजात टाकून दिला होता. तो ज्या गाडीला बसतो तसली जुनी गाडी यशपालनं आणली. पुढची डावी सीट काढली, मागची पाठ पाडली, आणि डॅशबोर्डपासनं डिकीपर्यंत आडवं होता येईल अशी गादी मला करायला सांगितली. मी जीव ओतून केली. खाली कडक थर, वर मऊ, मानेला वेगळा लोड. भांडण बिंडण सगळं बाजूला.

मग सुरू झालं याचं काम. सेटच्या स्प्रिंगा कडक, त्या काढून नरम घातल्या. नरम घातल्या तर मोठ्या खड्ड्यात गाडी पार तळाला जाऊन दण्‌कन आदळायला लागली. उंची वाढवली. मग घुंडी ढिली केली, तर गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली. पेशंट म्हणून गादीवर मी पडलेलो. मला मळमळलं. तो म्हणाला, "तुम्हाला होतंय म्हणजे तिला तर नक्की होणार." परत घट्ट केली, परत दणका. झोका काढावा तर दणका येतो, दणका काढावा तर झोका. त्या दोघांच्या मधली जागा तो शोधत होता, आणि ती जागा केसाएवढी असती, हे मला पडून पडून कळलं.

पुढं तो म्हणाला, तुमचं वजन उपयोगाचं नाही, आप्पा, तुम्ही फार भरलेले. त्यानं ज्वारीचं पोतं आणलं, तिच्या वजनाइतकं भरलं आणि गादीवर आडवं ठेवलं. मी चालवायचो, तो पोत्याशेजारी डोळे मिटून बसायचा. काही दिवसांनी बघतो तर हा पोत्याचं तोंड सोडून ओंजळीनं ज्वारी काढतोय. मी विचारणार होतो, काय बे हे? मग त्याचं तोंड बघितलं आणि समजलो. मीनाबाईचं वजन उतरत होतं. त्यानं पोतं शिवलं आणि स्प्रिंग पुन्हा पहिल्यापासनं लावायला घेतली, कारण वजन बदललं की सगळं बदलतं. थोड्या दिवसांनी पुन्हा ज्वारी काढली.

मी चिडलो. का चिडू नये? गाडी लोण्यासारखी चालत होती. मी म्हणालो, "यशपाल, बस झालं. उद्या ने तिला." तो म्हणाला, "पुलाच्या जोडावर अजून लागतंय." मी म्हणालो, "लागू दे! बाई काचेची नाही." तर माझ्यावरच उखडला. "तुम्ही ऐकलंय ना ते ओरडणं? पुन्हा ऐकायचंय तुम्हाला?" मी पुन्हा चालवायला बसलो. सांगून काही उपयोग नव्हता.

मग मीनाबाईनंच हुकूम सोडला. मी भेटायला गेलो होतो, माझ्यासमोर म्हणाली, "अहो, दुखलं तर दुखू दे. मी ओरडंन नि गप बसंन. पण न्या की." आवाज अगदी बारीक झाला होता. यशपाल मान खाली घालून म्हणाला, "रविवारी."

बुद्धप्रिया शनिवारीच आजीकडं पुढं गेली, घरदार आवरायला. रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालवायला, मीनाबाई गादीवर, आणि यशपाल तिच्या उशाशी. सिद्धरामाची शपथ घेऊन सांगतो, असली चाल मी आयुष्यात बघितली नाही. शहरातले खड्डे गेले, टोलनाक्यावरच्या पट्ट्या गेल्या, बाईनं हूं का चूं केलं नाही. उलट तिला हुरूप आला. "आप्पा, जरा जोरात घ्या की, बैलगाडीत बसवलंय का मला?" अशी चेष्टा करायला लागली. किती महिन्यांनी! मी आरशातनं मागं बघितलं. ती हसत होती. यशपाल मात्र तिच्याकडं बघत नव्हता. त्यानं डोळे मिटले होते. तो गाडी ऐकत होता.

मोहोळ सोडलं. एका पुलाच्या जोडावर खालनं आवाज आला. टक्‌. बारीक. मला ऐकूही आला नसता. पुढच्या जोडावर पुन्हा टक्‌.

"थांबवा," यशपाल म्हणाला.

बाजूला घेतली. तो खाली वाकला, चाकं हलवून बघितली, वर आला तेव्हा पांढरा पडला होता. "पुढच्या उजव्या कॉइलओव्हरचं वरचे नट ढिले झालेत. मोडनिंबच्या आत वस्तीचा रस्ता कच्चा आहे. तिथं सुटलं तर गाडी आपटंल. परत फिरायचं."

"अरे, अर्ध्या तासावर आलंय बे घर!"

"सावकाश परत जाऊ. आज उघडतो, उद्या नक्की नेतो."

मीनाबाईनं मान वळवली. "अहो, चला की पुढं," ती म्हणाली. "मला कायबी होत नाहीये. पुढं चला."

"मीना, एक दिवस. फक्त एक दिवस."

"पुढं चला."

मी स्टेअरिंग सोडलं नाही. म्हणालो, मी फिरवणार नाही. तर त्यानं माझं दार उघडलं. "उतरा, आप्पा." डोळ्यांत पाणी, पण आवाज असा की मी उतरलो. त्यानं स्वतः गाडी फिरवली. मी मागं मीनाबाईजवळ बसलो. मोडनिंबकडं जाणाऱ्या गाड्या खिडकीतनं दिसत होत्या, त्या ती सोलापूर येईपर्यंत बघत होती. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिला घरी झोपवून त्यानं गाडी गॅरेजला आणली आणि पुढची दोन्ही चाकं उतरवली. कॉइलओव्हर बाहेर काढले, एकेक नट तपासला. सगळं घट्ट. सगळं जिथल्या तिथं. मी बाजूला उभा होतो. मागचीही चाकं उतरवली. तिथंही काही नाही. मग त्यानं डिकीतलं झाकण उचललं. आत जॅक होता. त्याला धरून ठेवणारा नट आवळलेलाच नव्हता. यशपालनं जॅक हातानं हलवला. टक्‌.

त्यानं पुन्हा हलवला. टक्‌. पुन्हा. मी त्याच्या हातातनं जॅक काढून घेतला, नाहीतर तो तसाच हलवत बसला असता. मला त्याला दोन कानफटात द्याव्याशा वाटल्या आणि कुशीतही घ्यावंसं वाटलं. आवाज गाडीत कुठनं येतो ते सांगता येत नाही, भल्याभल्यांना चकवतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

सोमवारी पहाटे मीनाबाईला ताप चढला, धाप लागली. दवाखान्यात नेलं ते रात्रीतच पुन्हा जोडलेल्या त्याच गाडीतनं, आणि वाटेत एक धक्का बसला नाही. पण तिला आता कळत नव्हतं. बुधवारी ती गेली.

बुधवार पेठेतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. त्रिसरण पंचशील झालं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तरी यशपाल मोडनिंबला जायचं नाव काढीना. शेवटी मीच गाडी काढली नि त्याला बसवला.

बजाबाई आतल्या खोलीत रुंद लोखंडी खाटेवर पडली होती. सासूला तो मामी म्हणायचा. खाटेशेजारी उभा राहून तेवढंच म्हणाला, "मामी." म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला आणि त्याचा हात धरला.

"बसा, जावयबापू. पोरीनं सांगितलं मला. वाटंत लई तरास व्हायला लागला म्हणून मागं नेली. बरं केलं तुमी. जिवाला तिच्या सुख दिलंसा. आमची भेट नव्हती, त्याला तुमी काय करणार?"

बुद्धप्रियानं आजीला असं सांगितलं होतं, आणि शहाणपणानंच सांगितलं होतं. मी यशपालला डोळ्यांनी खुणावलं, गप राहा. पण तो ऐकणाऱ्यातला असता तर काय हवं होतं?

"तिला त्रास नव्हता, मामी," तो म्हणाला. "ती हसत होती. ती म्हणत होती, पुढं चला. मीच फिरवली गाडी. गाडीलाही काही झालं नव्हतं."

म्हातारीचा हात त्याच्या हातावरनं निघाला. बाहेर कुणीतरी शेळीला हाकत होतं.

"हसत हुती?" तिनं विचारलं.

"व्हय, मामी."

"काय म्हणत हुती हसून?"

यशपालनं माझ्याकडं बघितलं. मीच सांगितलं, की जोरात घ्या म्हणत होती, बैलगाडीत बसवलंय का म्हणत होती. म्हातारीच्या तोंडावर जरासं हसू आलं आणि लगेच गेलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढी रुंद खाट, आणि ही मोडक्या कंबरेची बाई अगदी भिंतीला चिकटून, एका अंगावर अवघडून पडली होती. खांदा भिंतीला लागून लाल झाला होता. मी म्हणालो, "आजी, जरा इकडं सरकवू का? ऐसपैस पडा की."

"नगं," ती म्हणाली. "त्या रविवारी नातीनं मला हितं सरकवली. म्हणली, आई आली की तुझ्या शेजारी निजवू. तवापासनं मी हलली न्हाय. पोरगी आली की म्हणती सरक, सरक. पण माझ्यानं न्हाय हलवत."

यशपाल खाली जमिनीवर बसला. खाटेवर एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं बस असं त्याला कुणी म्हणालं नाही.