पुढच्या हिचचा बोल्ट

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आता सांगून टाकतो. तिच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, एका अमेरिकन कंपनीला कसं वठणीवर आणलं ही गोष्ट नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावातल्या यच्चयावत मराठी घरांत जेवणानंतर सांगितली जायची. ती गोष्ट खोटी होती. काकांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण ते खोटं त्या वेळी माझ्याच पँटच्या खिशात होतं.

पण खिशाकडे नंतर येऊ. आधी काका. माघार न घेणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण माघार नको म्हणून गाडीसुद्धा मागे न घेणारा माणूस मी हा एकच पाहिला. "रिव्हर्स गिअर हा गाडी विकताना दाखवायला असतो," असं ते म्हणायचे आणि तसंच वागायचे. ग्रोसरीच्या दुकानासमोर दाराशी जागा रिकामी दिसत असली तरी ते पार्किंग लॉटच्या पार टोकाला जात, जिथून पुढच्या पुढे बाहेर पडता येईल. मग दुधाचे गॅलन घेऊन मावशी आणि ते एवढं अंतर चालत येत. घराचा ड्राइव्हवे तर त्यांनी स्वतः पैसे घालून घोड्याच्या नालेसारखा वळवून घेतला, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. त्यात मावशींचे टोमॅटोचे वाफे गेले. बोलण्यातही तेच. पहिल्या भेटीत त्यांनी मला सोलापूरचा ठरवलं. मी सांगलीचा. दोनदा सांगून पाहिलं, ते म्हणाले, "अरे, सांगली काय, सोलापूर काय, जवळच." शेवटी मीच सोलापूरच्या चादरींबद्दल थोडंफार वाचून ठेवलं.

आम्ही बाकीचे सगळे सेडान किंवा मिनीव्हॅनवाले, आणि काकांकडे मात्र भलाथोरला लाल पिकअप. आयुष्यभर औषधांच्या कारखान्यातली मशिनं सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो स्वतःला बक्षीस दिला होता. कुणाचं घर बदलायचं असो की गणपतीचं मखर न्यायचं असो, ट्रक काकांचा. फक्त जाताना तुमच्या गल्लीला पलीकडून तोंड आहे ना, एवढं ते फोनवर विचारून घ्यायचे.

आणि अशा माणसाने २००५च्या उन्हाळ्यात बोट घेतली. पोहता येत नाही, मासे खात नाहीत, पण बोट घेतली. कारण एवढंच की मावशी एकदा कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हणाल्या, "लहानपणी खाडी ओलांडून तरीतून शाळेत जायचो. आता या गुडघ्यांनी कसली बोट आणि कसलं काय." पुढच्याच आठवड्यात ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर, आणि ट्रेलरवर पांढरी, सेकंडहँड, चार माणसं मावतील अशी बोट.

बोट पाण्यात सोडायची तर तळ्याकाठी काँक्रीटचा उतार असतो आणि ट्रक त्यावरून उलटा न्यायचा असतो, म्हणजे मागचा ट्रेलर आधी पाण्यात शिरतो. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. काकांनी जन्मात पहिल्यांदा रिव्हर्स टाकला आणि ट्रेलर काटकोनात आडवा उभा राहिला. पाठीमागे बोटवाल्यांची रांग. एक दाढीवाला गोरा खिडकीतून म्हणाला, "टेक युअर टाइम, सर."

"टोमणा मारतोय," काका माझ्या कानाशी पुटपुटले.

"अहो, त्यालाच सांगा ना, तो लावून देईल," मावशी.

"माझी बोट दुसरा माणूस उलटी घालणार?"

आम्ही परत फिरलो. त्यानंतरच्या रविवारीही तेच. त्या दिवशी मावशींनी पार्किंग लॉटमध्येच, ट्रेलरवरच्या कोरड्या बोटीत चढून बसून आम्हाला दडपे पोहे वाढले. "बोटीतच बसायचं होतं ना? बसले," म्हणाल्या. काकांनी पोह्यांची डिश न संपवता खाली ठेवली. त्यांनी अन्न टाकलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मग एका संध्याकाळी फोन. "जावईबापू, सापडलं! सरळ! सगळं सरळ!" ट्रेलर अडकवायचं हिच, म्हणजे तो चौकोनी तोंडाचा पोलादी आडवा बार, सगळ्यांच्या ट्रकला मागे असतो. पण ते पुढेही बसवता येतं! ट्रेलर नाकासमोर अडकवायचा आणि ढकलत न्यायचा, डोळ्यांदेखत, हातगाडीसारखा. काका फोनवर अक्षरशः ओरडत होते आणि मागून मावशी म्हणत होत्या, "अहो, त्याला ऐकू येतं."

खोकं आलं त्या शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली उताणा. ते धूड मी दोन्ही पायांनी वर रेटून धरलेलं, काका बाजूला पाना घेऊन, "थोडं वर! अरे, माझ्याकडे वर!" बंपरखालचं प्लॅस्टिक थोडं कापावं लागलं, ते त्यांनी मावशींच्या विळीवर कापलं. हिच जागेवर बसलं, तेव्हा त्यांनी ट्रकभोवती चक्क एक फेरी मारली. मावशींनी हिचला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायला दगड मिळेना, तर काकांनी तो हिचवरच फोडला. "टेस्टिंग पण झालं!" चहाची हाक आली तेव्हा माझ्या हातात एक बोल्ट होता. घरंगळू नये म्हणून तो मी खिशात टाकला आणि चहात विसरलो.

सोमवारी ऑफिसात व्हेंडिंग मशीनपाशी सुटे पैसे काढायला गेलो, तर हातात बोल्ट. ऑफिस सुटल्यावर तडक काकांकडे. खरंच द्यायलाच गेलो होतो. पण दार उघडता उघडता काकांनी मला ओढलंच. एक भोक मोकळं असल्याचा शोध त्यांना लागला होता, आणि हिचच्या कंपनीची बाई स्पीकरफोनवर होती.

"आय कौंटेड! धिस यंग मॅन वॉज देअर! सांग तिला!"

मी कमी बोलणारा माणूस. म्हटलं, "येस मॅम. आय वॉज देअर." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बाईने बोल्ट पाठवायचं कबूल केलं. मी चाचरत सुचवलं, "काका, तसला बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. मी आत्ता आणतो."

"मिळेल. पण आपण का आणायचा? तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमच्या तत्त्वापायी माझा उन्हाळा चाललाय," मावशी आतून म्हणाल्या.

"एक बोल्ट कमी असताना तुला पाण्यावर नेणार नाही," काका म्हणाले. हे मात्र ते हळू आवाजात म्हणाले. मी खिशात मूठ आवळून तसाच घरी आलो.

कंपनीने आधी चुकीचा बोल्ट पाठवला. मग माफीच्या चिठ्ठीसकट अख्खा नवा संच. मंडळाच्या सप्टेंबरअखेरच्या गणेशोत्सवाच्या जेवणात काकांनी तो टाळ्यांच्या गजरात फिरवून दाखवला, आणि साक्षीदार म्हणून मला उभं केलं. असा सप्टेंबर सगळा गेला.

ऑक्टोबरात, थंडी पडल्यावर, आम्ही गेलो. मावशी कानटोपी आणि शाल घेऊन उतरणीच्या कडेला धक्क्यावर, मी दोरी धरून. काकांनी ट्रेलर पुढे अडकवला आणि ट्रक उतारावर घातला. काय सांगू! बोट अशी सुतासारखी सरळ निघाली, जशी लग्नात नवरी पुढे आणि मामा मागे. रांगेतले लोक उतरून बघायला आले. त्या दाढीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. ट्रेलर पाण्यात शिरला, बोट तरंगली, "तरंगली! अगं, तरंगली!" काका खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते आणि मावशी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

आणि मग लक्षात आलं. ट्रकचं नाक पाण्याशी, शेपूट वर उताराकडे. सरळ खाली आलेल्या माणसाला वर जायचं, तर एकच मार्ग होता. तो विचार इतक्या आठवड्यांत आम्हा दोन इंजिनियरांपैकी एकालाही शिवला नव्हता.

काकांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा मावशींकडे. मग ट्रकचे मागचे पांढरे दिवे लागले. काका मान वळवून, जीभ दातांत धरून, इंचाइंचाने मागे मागे वर गेले. ट्रेलर गुमान पाठोपाठ. वर पोचल्यावर दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या. या खेपेला काकांनी त्या टाळ्यांना टोमणा म्हटलं नाही.

पाण्यावर आम्ही तासभर होतो. मावशींनी हात पाण्यात सोडला होता, गार लागतं म्हणून काढायच्या आणि परत सोडायच्या. "आता मे महिन्यात येऊ," म्हणाल्या, "नीट ऊन असताना." त्या हिवाळ्यात मावशी गेल्या.

काका आता टेक्ससमध्ये, प्लेनोला मुलीकडे असतात. बोट विकली. ट्रक नेला, पुढच्या हिचसकट. फोनवर अजून विचारतात, "कंपनीला कसं वठणीवर आणलं होतं, आठवतं ना? तू साक्षीदार आहेस."

"आठवतं, काका," मी म्हणतो.

बोल्ट माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. काकांना मी तो देणं लागतो. आणि मावशींना, सप्टेंबरातले सगळे रविवार.